खुराडे स्थावर, कोंबडी जंगम

बँकेतल्या ३६ वर्षांत मी जगातल्या सगळ्या वस्तूंची दोनच ढिगांत वाटणी करायला शिकलो. एक स्थावर, दुसरी जंगम. जमीन, घर, विहीर, गोदाम हे स्थावर. बैलजोडी, शिलाई यंत्र, दुकानातला माल हे जंगम. स्थावर मालमत्ता रात्रीतून पळून जात नाही, त्यामुळे अधिकाऱ्याला झोप लागते. जंगम मालमत्ता मात्र आपण पाहणीला गेलो की नेमकी मामाच्या गावाला गेलेली असते. २०२१ मध्ये निवृत्त झालो, बोरगाव (मेघे)च्या घरात कायमचा राहायला आलो आणि आता कादंबऱ्यांखेरीज कशाशी देणेघेणे नाही अशा समजुतीत होतो. पण पुढच्याच वर्षी आमच्या सौ.ना परसात कोंबड्या पाळाव्याशा वाटल्या. त्यांना ठेवायचे कशात, या प्रश्नापाशी तीच जुनी वाटणी पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

बोरगाव (मेघे) म्हणजे वर्ध्याला चिकटलेले गाव. कुठे वर्धा संपले आणि कुठे बोरगाव लागले, हे आता रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. शेतांचे ले-आऊट झाले, त्यावर निवृत्त शिक्षकांची, एसटीतल्या लोकांची, आमच्यासारख्या बँकवाल्यांची घरे उभी राहिली. मधूनमधून रिकामे प्लॉट आहेत. त्यांचे मालक नागपूरला, पुण्याला, काही त्याहून लांब. अशा प्लॉटवर राखणीसाठी एखादे कुटुंब टिनाच्या खोलीत राहते. आमच्या समोरच्या प्लॉटवर अशाच एक बाई राहत होत्या. सारे ले-आऊट त्यांना मावशी म्हणते. त्यांच्या आठ-दहा गावठी कोंबड्या सकाळी आमच्या फाटकातून आत येत, आमच्या वाफ्यातली मेथी खात आणि तक्रार केली की मावशी चार अंडी आणून देत. सौ.च्या मनात कोंबड्यांचे बीज पडले ते या चार अंड्यांतून.

मुलाला कळवले तर त्याने पुण्याहून एक चित्र पाठवले. खाली चाके, वर उतरते छप्पर, मागे अंडी काढायला झाकण, पुढे धरून ढकलायला दांडा. तिकडे परदेशात याला चिकन ट्रॅक्टर म्हणतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जोएल सॅलॅटिन नावाच्या शेतकऱ्याने ही तऱ्हा फार लोकप्रिय केली. १९९३ मध्ये त्याने यावर पुस्तकही लिहिले. त्याचा पिंजरा १० फूट लांब, १२ फूट रुंद, उंची अवघी दोन फूट, आणि त्याला तळ नाही. रोज सकाळी तो पुढच्या हिरव्या गवतावर सरकवायचा. कोंबड्यांना ताजे गवत आणि किडे मिळतात, विष्ठा एका जागी साचत नाही, मागे राहिलेल्या पट्ट्यावर गवत जोमाने उगवते. वाचून मी भारावलो. कादंबरीकाराला अशा कल्पना लवकर पटतात. घर बांधणाऱ्या गवंड्याने मात्र एका वाक्यात निकाल दिला होता, की साहेब, दोन पोती सिमेंट अन् दोन टिना आणा, संध्याकाळपर्यंत पक्के करून देतो.

मी चाकांचे करवून घेतले. दिवाळीनंतर सहा कोंबड्या आल्या. मावशी बघायला आल्या, चाकाला पायाने हलकेच ढोसून म्हणाल्या, "कोंबडीले चाक काहून पाह्यजे जी साहेब? तिले दोन पाय हायेत ना."

पहिल्याच आठवड्यात त्या दोन पायांनी मला धडा दिला. दिवसा आम्ही कोंबड्या मोकळ्या सोडत असू. दुपारी मी मोठ्या हौसेने खुराड्याची गाडी ढकलत पंधरा-वीस फूट पलीकडे नेली. संध्याकाळी पाहतो तर सहाही जणी जुन्या जागी, जिथे काल घर होते त्या मोकळ्या चौकोनात, एकमेकींना चिकटून बसलेल्या. समोर डोळ्यांदेखत त्यांचे घर उभे. त्याच्याकडे एकीनेही मान वळवली नाही. बॅटरी घेऊन एकेक उचलून आत टाकावी लागली. कोंबडी घर ओळखत नाही, जागा ओळखते, ही गोष्ट कुठल्या चित्रात दाखवता येत नाही. ज्यांना गाडी रोज हलवायची असते ते कोंबड्यांना आतच ठेवून हलवतात, किंवा एका वेळी दोन-चार हातच सरकवतात, हे मला नंतर कळले.

हिवाळा मात्र सुखात गेला. मुळा, मेथी निघालेल्या वाफ्यावर गाडी न्यायची, कोंबड्या माती उकरून सारे किडे आणि तणाचे कोंब फस्त करत. पोटभर खाणारी कोंबडी दिवसाला शंभरएक ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात शेणापेक्षा नत्र बरेच जास्त असते. ती ताजी मुळाशी पडली तर रोप जळते, पण वाफा महिनाभर मोकळा ठेवून लावला तर वांगी अशी येतात की शेजाऱ्यांना वाटावी लागतात. एकाच जागी राहणाऱ्या कोंबड्यांचे अंगण थोड्याच दिवसांत बोडके होते, ओल धरते, आणि त्यातून जंत आणि रक्ती हगवण सुरू होते. हगवणीचे जंतू विष्ठेतून पडतात, ओलसर उबेत एक-दोन दिवसांत तयार होतात आणि चोचीतून पुन्हा पोटात जातात. जागा बदलत राहिली की हे चक्र तुटते. फिरत्या घराच्या बाजूने सांगण्यासारखा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मला आजही मान्य आहे.

पुढे मार्च लागला. व्हर्जिनियातले गवत पावसावर बारमाही हिरवे राहत असेल. आमचे गवत दिवाळीपर्यंतच. त्यानंतर काळी जमीन भेगाळते. एप्रिलमध्ये भेगा एवढ्या रुंद होतात की त्यांत चाक रुतते. मग जूनमध्ये पाऊस पडला की तीच जमीन चिखल होऊन चाकाला चारी बाजूंनी धरते. काळ्या जमिनीत बैलगाडीचे हाल पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या माणसाने चार इंची चाकांवर विश्वास ठेवावा, याला काय म्हणावे? मृगाच्या तिसऱ्या रात्री एका बाजूची चाके खचली, चौकट तिरकी झाली आणि दुसऱ्या बाजूने जमिनीशी चार बोटांची फट पडली. सकाळी सौ. आधी उठल्या. मुंगूस दिवसा फिरते, रात्री बोका येतो. तो फटीतून आत शिरला होता. त्याने खाल्ली एक, पण मारल्या पाच. सहावी आढ्याच्या कोपऱ्यात पंख मिटून बसली होती आणि दिवसभर खाली उतरली नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या गाडीला आधी कुलूप लावा." पुढे दोन दिवस आमच्यात खाण्यापिण्यापुरतेच बोलणे झाले.

त्या पाच कोंबड्यांनी मला दुसऱ्याच कोंबड्यांची आठवण दिली. ती ३५ वर्षे मी कुणाला सांगितली नव्हती.

१९८७ साल. मी याच जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत कृषी अधिकारी होतो, वय २६. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. २ ऑक्टोबर १९८० पासून हा कार्यक्रम देशभर लागू झालेला होता आणि प्रत्येक शाखेला लाभार्थ्यांचे उद्दिष्ट असे. शेतमजुराला प्रकल्पखर्चाच्या एक तृतीयांश अनुदान, उरलेले बँकेचे कर्ज. एक विधवा शेतमजूर बाई कोंबड्यांसाठी अर्ज घेऊन आली. योजनेत पन्नास पक्षी, टिनाचे शेड, जाळी, भांडी असा ठरीव तक्ता होता. ती म्हणाली, "मले शेड नोको जी साहेब. पक्षी द्या अन् डालगे घ्याले पैसे द्या. उनायात मी त्याईले सावलीसंग फिरवीन."

डालगे म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. बुरूड बांबूच्या कामट्यांची मोठी, विरळ विणीची पाटी विणतो. ती उपडी घालून तिच्याखाली तलंग किंवा पिलांसह कोंबडी ठेवायची आणि वर दगड. या क्रियेला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे, कोंबडी डालणे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही ही म्हण आपण उठताबसता वापरतो, पण ते झाकले कशाखाली होते, याचा विचार करत नाही. ते डालग्याखाली होते. फिरते खुराडे आपल्या भाषेत कधीपासूनचे बसलेले आहे. फक्त त्याला चाके नाहीत, आणि ते बाईच्या डोक्यावरून फिरते. सकाळी उकिरड्याजवळ, ऊन चढले की निंबाखाली, दुपारी भिंतीच्या सावलीत, संध्याकाळी घरात. कावळा आणि घार यांच्यापासून पिले वाचवायची आणि त्यांना हवा व माती मिळू द्यायची, ही दोन्ही कामे ते एकदम करते.

मी त्या बाईला समजावले की डालग्यावर कर्ज देता येत नाही. पाहणी अहवालात शेडचा रकाना होता. शेड उभे राहिल्याशिवाय पक्ष्यांचा हप्ता सोडायचा नाही, असा नियम होता, आणि तो मला मनापासून योग्य वाटत होता. शेड दिसते, मोजता येते, त्याच्या भिंतीवर बँकेचे नाव रंगवता येते. डालगे उद्या कुठे असेल, कोण सांगणार? तिने झोपडीला लागून शेड बांधले. जागा अपुरी होती म्हणून ते दक्षिणोत्तर झाले. शेडची लांबी नेहमी पूर्व-पश्चिम हवी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. अहवालात दिशेचा रकाना नव्हता.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोंबडीच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या, पंख अंगापासून दूर धरायचे, एवढेच तिच्या हाती. भोवतालची हवाच अंगाहून तापली की तेही पुरत नाही. आणि टिनाखालची हवा बाहेरच्या हवेहून तापलेली असते. बाई दिवसभर कामावर होती. दोन दुपारींत ५० पैकी ३७ पक्षी गेले. मी पाहणीला गेलो तेव्हा तिने रडून दाखवले नाही. शेडच्या टिनाला हात लावून पाहा म्हणाली. मी लावला नाही. विम्याचा दावा कुठल्याशा कागदावाचून परत आला.

तिने कर्ज फेडले. कापूस वेचून, निंदणाला जाऊन, दोन वर्षांत सगळे. आणि १९९० मध्ये कर्जमुक्तीची योजना आली. २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकलेली दहा हजारांपर्यंतची कर्जे माफ झाली. याद्या मीच केल्या. तिचे नाव यादीत येणार नव्हते, कारण तिच्याकडे काही थकलेलेच नव्हते. तिच्या खतावणीच्या पानावर मी स्वतःच्या अक्षरात ‘वसुली पूर्ण’ असे लिहिलेले होते. ते वाचताना मला तेव्हा समाधान वाटले होते, हेही लिहून ठेवतो.

तर, बोक्याच्या प्रकारानंतर मी गवंड्याकडे गेलो असेन असे कुणाला वाटेल. गेलो, पण टिना घेतल्या नाहीत. आमच्यापासून सायकलच्या अंतरावर सेवाग्राम आहे. १९३६ मध्ये ते सेगाव होते, सेवाग्राम हे नाव १९४० चे. तिथे गांधीजींसाठी झोपडी बांधायची ठरली तेव्हा खर्च शंभर रुपयांच्या आत आणि साहित्य आसपासचेच, अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. भर मे महिन्यात तिथे जाऊन बसावे आणि मग आमच्या स्लॅबच्या घरात येऊन बसावे. (आश्रमाच्या शेजारी कोंबड्या पाळता, असे एका स्नेह्यांनी मला टोचून विचारले होते. गांधीजी स्वतः अंडी खात नसत हे खरे. पण १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात, जो दूध घेतो त्याला निर्जीव अंड्यांवर आक्षेप घ्यायचे कारण नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. आमची अंडी निर्जीव नाहीत, कारण आमच्याकडे कोंबडा आहे, म्हणून मी हा वाद पुढे नेला नाही.)

मग आमचे पक्के खुराडे मातीविटांचे झाले. सहा फूट बाय चार फूट, पूर्व-पश्चिम, बारा कोंबड्यांच्या रात्रीसाठी ऐसपैस. जोते दोन फूट, वरच्या अर्ध्या भागात जाळी, छपराला बांबू आणि जुनी कवेलू. जाळीबद्दल एक सूचना. बाजारात षटकोनी विणीची पातळ जाळी कोंबड्यांची म्हणून विकतात. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो दाताने फाडतो. अर्ध्या इंची चौकोनांची, वेल्डिंग केलेली जाळी महाग पडते, पण पाच कोंबड्यांपेक्षा स्वस्त. खाली सोयाबीनचे कुटार, आठवड्यातून दोनदा खालीवर केलेले आणि ओले झाले की लगेच बदललेले. चैत्र-वैशाखात जाळीवर ओले गोणपाट टांगतो. कोरड्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की काढून टाकायचे, नाहीतर आत वाफ धरते.

घर पक्के करण्याला आणखी एक कारण होते, ते म्हणजे खुडूक कोंबडी. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते आणि २१ दिवस जागा सोडत नाही. दाण्यापाण्यापुरती उठते, घाईघाईने परत येते. त्या तीन आठवड्यांत तिचे घर हलवण्याचा विचारही करू नये. ज्यांनी चाकांची खुराडी काढली त्यांच्याकडे पिले बहुधा उबवणी केंद्रातून येतात, त्यामुळे कुणी खुडूक बसत असेल हे त्यांच्या हिशेबातच नसते. आमच्याकडे अंड्यांपेक्षा पिलांतच पैसा आहे. संकरित जातीची कोंबडी अंडी कितीतरी जास्त देते, पण बहुधा खुडूक बसत नाही, म्हणून मावशी तिला अर्धी कोंबडी म्हणतात.

तिसरे कारण साथीचे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातला पहिलाच. मोठ्या शेडांमधले पक्षी तर मारलेच, पण परिसरातल्या घरोघरच्या कोंबड्याही मारल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तेच झाले. अशा वेळी कोंबड्या रानपक्ष्यांच्या संपर्कापासून दूर, छपराखाली ठेवायला सांगतात. ज्याच्याकडे छप्परच नाही त्याने काय ठेवायचे? राणीखेत म्हणजे मानमोडी मात्र फिरते घर आणि पक्के घर असा भेद करत नाही. तिला लसच हवी. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत लसोटाचा थेंब आणि आठ आठवड्यांनी टोचणी. ती चुकवून घराच्या चर्चा करणे म्हणजे दार उघडे टाकून खिडकीचे गज मोजणे.

तेव्हा माझे मत असे बनले की विदर्भाच्या काळ्या जमिनीवर आणि विदर्भाच्या उन्हात कोंबडीची रात्र स्थावर असावी आणि दिवस जंगम. चाकांची गाडी मी मोडली. तिच्या लाकडातून आणि बांबूतून सहा फूट बाय तीन फुटांची बिनतळाची हलकी चौकट केली. ती दोघांनी उचलावी आणि हव्या त्या वाफ्यावर ठेवावी. पिलांसाठी बुरडाकडून तीन डालगी आणली. सौ. पुन्हा माझ्याशी सविस्तर बोलू लागल्या. हे मत मी आल्यागेल्याला सांगत असे आणि लोक माना डोलवत.

गेल्या वर्षी मावशींच्या बचत गटाने कोंबड्यांसाठी कर्ज मागायचे ठरवले. दहा बायका. अर्ज लिहून द्यायला त्या माझ्याकडे आल्या. मी माझे मत त्यांना ऐकवले आणि अर्जात प्रत्येकीसाठी एक पक्के खुराडे धरले, मातीविटांचे, पूर्व-पश्चिम, अगदी नकाशासकट. १९८७ ची चूक सुधारत असल्याचा थोडा अभिमानही होता. मावशींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "साहेब, जागा आपली असन तं पक्कं बांधाव."

मी कागदावर नावे पुन्हा पाहिली. दहापैकी सात जणींची स्वतःची जागा नव्हती. कुणी राखणीला, कुणी भाड्याच्या खोलीत, एक दिराच्या अंगणात. ज्या घराखालची जमीन आपली नाही तिथे विटांचे खुराडे म्हणजे मालकाला दिलेली भेट. माझ्या मतात सगळे धरले होते, ऊन, माती, बोका, खुडूक कोंबडी. सातबारा तेवढा धरला नव्हता. ३६ वर्षे दुसऱ्यांचे सातबारे तपासलेल्या माणसाला हे सुचू नये! मग आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरा नकाशा काढला. बांबूच्या तट्ट्यांची चार फूट बाय तीन फुटांची पेटी, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली, चार पायांवर दीड फूट उंच, पायांत रॉकेलचे फडके बांधून मुंग्या रोखलेली, वर गवताचे जाड छप्पर, दाराला आडणा. रोज हलवायची नाही. पण वेळ आली तर चार बायकांनी उचलून न्यावी. तळाला चाक नाही, जमिनीत पाय नाही. तिच्यासोबत प्रत्येकीला तीन डालगी. अर्जात ‘शेड’ या रकान्यासमोर मी ‘हलवता येण्याजोगे’ असे लिहिले. बँकेतल्या तरुण अधिकारी बाईंनी तो शब्द दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिले, आणि पक्ष्यांचा विमा कधी उतरवणार एवढेच विचारले. कर्ज मंजूर झाले.

ती वेळ मावशींवरच सगळ्यांत आधी आली. या वर्षी फेब्रुवारीत समोरच्या प्लॉटच्या मालकांनी बांधकाम काढले. महिन्याभराची सूचना दिली होती, राखणीचे पैसेही चुकते केले. त्यांचा दोष काही नाही. मावशींची टिनाची खोली एका दुपारी सुटली. दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या एका प्लॉटवर त्यांना जागा मिळाली. खुराड्याची पेटी गटातल्या चौघींनी उचलली, डालगी मावशींनी डोक्यावर एकात एक घालून नेली, मी त्यांच्या मागे दाण्याचा डबा घेऊन निघालो. पेटी आंब्याच्या सावलीत ठेवली, दार पूर्वेला केले, कोंबड्या आत कोंडल्या. मी म्हटले, झाले. मावशी म्हणाल्या, "उद्या पाहाव लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोंबड्या सोडल्या. संध्याकाळी आमच्या फाटकाशी उभा होतो. समोर पाया खणून झाला होता, सिमेंटची पोती एकावर एक रचली होती. दिवस मावळायच्या सुमारास रस्त्याच्या कडेकडेने एक कोंबडी आली, मागून दोन, मग बाकीच्या. दोन गल्ल्या ओलांडून नऊच्या नऊ आल्या. जिथे पेटी होती तिथे आता खडीचा ढीग होता. त्यांनी ढिगाला एक फेरी मारली, पोत्यांवर चढल्या आणि गळे आत ओढून बसल्या.

थोड्या वेळाने मावशी आल्या. हातात दोन डालगी होती. "जागेवर येतेत थ्या," त्या म्हणाल्या, "घरावर नाई." अंधार पुरता होईपर्यंत आम्ही थांबलो, कारण अंधारात कोंबडी धरली तरी ओरडत नाही. मग एकेक उचलून त्यांनी डालग्यात ठेवली, वरून लुगड्याचे फडके बांधले. एक डालगे मी घेतले. दुसऱ्या संध्याकाळी सात आल्या, तिसऱ्या संध्याकाळी चार. पाचव्या दिवशी दिवस मावळला तरी पोत्यांवर कुणी आले नाही, तेव्हा मी बॅटरी घरात ठेवली.